मावळ, कायदा आणि वकील

आमच्या एका स्नेह्याची कन्या बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि कायद्याचा पांच वर्षांचा अभ्यासक्रम घेण्याचा तिनें निश्चय केला. घराण्यांत यापूर्वीं कोणी वकील झालेला नाहीं. वडील बँकेंत आहेत, आई शाळेंत शिकविते. तेव्हां कायदा शिकावयाचा म्हणजे शिकावयाचें तरी काय, आणि वकिली हा धंदा नेमका कशाचा, असा प्रश्न साऱ्या कुटुंबापुढें उभा राहिला. इतिहासाच्या अध्यापकाला सर्व कांहीं ठाऊक असतें अशी जी एक गोड समजूत समाजांत रूढ आहे, तिला अनुसरून तो प्रश्न आमच्याकडे येऊन पोंचला. आम्ही वकील नव्हों. पण जुने कागद वाचण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं, आणि जुने कागद बहुतांशीं तंट्यांचेच असतात. ज्यांचा तंटा झाला नाहीं त्यांना कागद जपून ठेवण्याचें कारणच पडलें नाहीं. त्यामुळें कायद्याच्या वाटेनें अधिकारानें नव्हे, तरी संवयीनें आम्ही पुष्कळ वेळां चाललों आहों.

मुलीला आम्हीं सांगितलें कीं, पुस्तकें पुढें पांच वर्षें वाचावयाचींच आहेत. तूर्त एक दिवस आमच्याबरोबर लोणावळ्याच्या लोकल गाडींत बैस. आपल्या सुशिक्षित कुटुंबांना मावळ ठाऊक आहे तो पावसाळ्यांतील भुशीच्या धरणापुरता आणि परततांना घेतलेल्या चिक्कीपुरता. त्याच मावळांत कायद्याचा सुमारें दोन हजार वर्षांचा इतिहास ठिकठिकाणीं उघड्यावर पडलेला आहे, आणि आरंभ करणाऱ्याला त्याहून चांगलें पाठ्यपुस्तक मिळणें कठीण, असें आमचें मत आहे.

मळवलीच्या स्थानकावर उतरून कार्ल्याच्या डोंगराकडे निघालें म्हणजे एकवीरेच्या दर्शनाला जाणाऱ्यांची रीघ लागलेली दिसते. देवीच्या देवळाला लागूनच तें सुप्रसिद्ध चैत्यगृह आहे, आणि त्याच्या भिंतींवर व खांबांवर ब्राह्मी लिपींत लेख कोरलेले आहेत. बहुतेक लेख दानाचे: कोणीं खांब दिला, कोणीं शिल्प दिलें. परंतु त्यांपैकीं दोन लेख कायद्याच्या विद्यार्थ्यानें थांबून पाहावे असे आहेत. एकांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठीं करजिक नांवाचें गांव दिल्याची नोंद आहे. वलूरक हें ह्याच लेण्यांचें त्या काळचें नांव. पुढें सातवाहनांनीं नहपानाच्या घराण्याचा पाडाव केला. दुसऱ्या लेखांत सातवाहन राजा (बहुतेक पंडित तो गौतमीपुत्र सातकर्णि मानतात) मामाड येथील आपल्या अमात्यास आज्ञा करतो कीं, मामाल आहारांतील करजक गांव वलूरकाच्या भिक्षूंना दिलें आहे. मामाल म्हणजे आपलें मावळ, आणि करजक म्हणजे बहुधा पूर्वीं दिलेलें तेंच गांव.

येथें विद्यार्थ्यानें विचारावें कीं, गांव एकदां दिलेलें असतां पुन्हां देण्याचें कारण काय? कारण हेंच कीं, देणारी सत्ता गेली. जुन्या राजानें दिलेला हक्क नव्या राजाच्या अमदानींत टिकतो कीं नाहीं, हा प्रश्न पेशवाई बुडाल्यावर पुण्याच्या इनामदारांना पडला, संस्थानें विलीन झाल्यावर संस्थानिकांना पडला. आणि सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं तो कार्ल्याच्या भिक्षूंनाही पडला असावा. त्यांनीं केलें तेंच शहाणा पक्षकार आजही करतो: नव्या सत्तेकडून नवा लेख करून घेतला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हा लेख भिक्षूंना उद्देशून लिहिलेला नाहीं. तो सरकारी अधिकाऱ्याला उद्देशून आहे. त्या जमिनींत राजपुरुषांनीं प्रवेश करूं नये, तिला कोणीं हात लावूं नये, मिठासाठीं तेथें खणूं नये, मुलखाच्या शिपायांनीं तेथें ढवळाढवळ करूं नये, असे निर्बंध राजा आपल्याच माणसांवर घालतो, आणि ही सूट दप्तरीं नोंदवून घेण्यास फर्मावितो. प्रजेनें काय करावें हें सांगणारी आज्ञा कोणताही बलवान् मनुष्य काढूं शकतो. आपल्या नोकरानें काय करूं नये हें जेव्हां तो लिहून देतो, तेव्हां आम्ही ज्याला कायदा म्हणतों त्याचा प्रारंभ होतो. मिठाची अट वाचून मुलीला हसूं आलें. सह्याद्रीच्या माथ्यावर मीठ कोण खणणार? पण हेंच शब्द नाशिकच्या लेण्यांतील सातवाहनांच्या दानलेखांतही आहेत. लेखकाजवळ ठरलेला मसुदा होता. गांवाचें नांव बदलून तो त्यानें येथें उतरविला. आजच्या कोणत्याही खरेदीखतांत न खणलेल्या खाणी, न लावलेलीं झाडें आणि नसलेल्या विहिरी यांसह जमीन विकली जाते, ती परंपरा अशी प्राचीन आहे.

मधलीं हजार-दीड हजार वर्षें आम्ही ओलांडतों, कारण मावळांतील न्यायाचे भरपूर कागद मिळूं लागतात ते आदिलशाही-निजामशाहीपासून पुढें. तेव्हांचें मावळ आजच्या एका तालुक्यापुरतें नव्हतें. सह्याद्रीच्या पूर्वेकडील खोऱ्याखोऱ्यांचा तो सारा पट्टा होता. तेथें वाद उत्पन्न झाला म्हणजे गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गांवचे जाणते, असे सर्व मजालशीस बसत. फिर्याद करणारा अग्रवादी, उत्तर देणारा पश्चिमवादी. दोघांकडून तक्रीर म्हणजे जबानी लिहून घेत, जामीन घेत, आणि सभेचा निवाडा मान्य करूं असा राजीनामा आधींच घेत. आज राजीनामा म्हटला कीं नोकरी सोडल्याचा कागद डोळ्यांपुढें येतो. मूळ अर्थ राजी असल्याचें लिहून देणें हा आहे. साक्षींनीं निभाव लागला नाहीं तर दिव्य होई. तापलेल्या तेलांतून वा तुपांतून रवा काढावयाचा, हात पिशवींत बांधून मोहोर करावयाची, आणि ठरल्या दिवशीं सर्वांसमक्ष उघडून पाहावयाचें. शेवटीं महजर होई, आणि त्यावर लिहितां न येणाऱ्यांचीं निशाण्या म्हणून आपापल्या धंद्याचीं हत्यारें उमटत: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. जिंकणारानें हरकी भरावयाची, हरणारानें गुन्हेगारी. म्हणजे सरकारचें दोन्हीकडून साधे.

ह्या न्यायाचे गोडवे गाणारे लोक आहेत व त्याला रानटी म्हणणारेही आहेत. आम्हांला दोन्ही पक्ष उतावळे वाटतात. रांझें गांवच्या पाटलानें बदअमल केल्याचें चौकशीअंतीं ठरलें तेव्हां शिवाजी महाराजांनीं त्याचे हातपाय तोडविले, हें १६४६ चें पत्र सर्वश्रुत आहे. त्या पत्राचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. पाटीलकी जप्त झाली, पण ती परत गुजर घराण्यांतल्याच दुसऱ्या माणसाकडे गेली. माणसाचा अपराध माणसापाशीं ठेवून वतनाचा हक्क वेगळा तोलण्याची दृष्टि तेथें दिसते. शिक्षा कठोर होती, विचार ढोबळ नव्हता.

एक गोष्ट मात्र ह्या साऱ्या व्यवस्थेंत नव्हती. धंदा म्हणून दुसऱ्याची बाजू मांडणारा मनुष्य नव्हता. वादी-प्रतिवादी स्वतः बोलत, किंवा त्यांच्या वतीनें घरचा, भाऊबंदांतला कोणी बोले. वकील हा शब्द होता, पण त्याचा अर्थ निराळा. दरबारचा दुसऱ्या दरबारीं राहणारा प्रतिनिधि तो वकील. पुण्याच्या दरबारीं निजामाचा वकील असे, इंग्रजांचा असे. ज्याच्यावर काम सोंपविलें तो, हा त्या अरबी शब्दाचा मूळ भाव. आणि सोंपविलें म्हणजे किती सोंपविलें, ह्या प्रश्नाचा एक ठसठशीत नमुना मावळच्या भूमीवरच घडला.

मळवलीहून पुण्याकडे परततांना कामशेत, कान्हे ओलांडून वडगांव लागतें. मुंबईकर इंग्रज राघोबादादाला गादीवर बसविण्यासाठीं बोरघाट चढून आले, आणि जानेवारी १७७९ मध्यें तळेगांवापर्यंत येऊन दाणावैरणीवांचून मागें फिरतां फिरतां वडगांवाला महादजी शिंद्यांच्या व पेशव्यांच्या फौजांनीं वेढले गेले. सेनेबरोबर कारभार पाहण्यासाठीं नेमलेली कमिटी होती. तिचा प्रमुख कारनॅक आणि सेनापति एगर्टन. बोलणें लावण्यासाठीं फार्मर नांवाचा गृहस्थ पाठविला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारच्या मंजुरीवांचून तह करण्याचा आम्हांला अखत्यार नाहीं, असें इंग्रजांकडून प्रथम सांगण्यांत आलें. मग होम्स नांवाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याला पूर्ण मुखत्यारी देऊन महादजीकडे पाठविलें, आणि तह झाला. साष्टीसह १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करावयाचा व बंगालहून येणारी फौज थांबवावयाची, असें कबूल केलें. फार्मर व स्टुअर्ट यांना ओलीस ठेवलें. आणि सैन्य सुखरूप घाट उतरून गेलें. खालीं उतरतांच तह नाकारण्यांत आला. कारण काय, तर सही करणारांस तसा अधिकारच नव्हता! होम्सला दिलेली मुखत्यारी निरर्थक आहे हें मनांत धरूनच ती दिली होती, असें कारनॅकनें पुढें स्वतःच कबूल केल्याचें ग्रँट डफनें नमूद केलें आहे. कंपनीच्या डायरेक्टरांनीं कारनॅक व एगर्टन या दोघांना नोकरींतून काढलें, पण तह पाळला नाहींच.

कायद्याच्या पहिल्या वर्षांत मुखत्याराच्या अधिकाराचा धडा येईल तेव्हां हें वडगांव आठवावें, असें आम्हीं मुलीस सांगितलें. ज्याच्याशीं व्यवहार करतों त्याच्या हातांत कोणतें पत्र आहे, तें कोणीं दिलें, आणि देणाराला तरी तें देण्याचा अधिकार होता काय? महादजीसारख्या मुत्सद्द्यालाही हा तिसरा प्रश्न भोंवला. आज लोणावळ्याकडे प्लॉट घेऊं पाहणाऱ्या आमच्या वर्गांतील सद्गृहस्थांना तर तो नित्य भोंवतो. केवळ कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीनें मालकी मिळत नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें स्पष्ट केलें; शेतकरी नसणाराला परवानगीवांचून महाराष्ट्रांत शेतजमीन घेतां येत नाहीं हें तर १९४८ च्या कुळकायद्यापासून चालत आलें आहे. तरी दर वर्षीं कोणी ना कोणी फसलेला मनुष्य आम्हांला भेटतोच. असो.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननें १८१९ मध्यें जो अहवाल लिहिला त्यांत पंचायतीचे दोष मोजूनही तिची उपयुक्तता त्यानें मान्य केली. पण १८२७ च्या रेग्युलेशनांनीं जिल्ह्याजिल्ह्यांत इंग्रजी वळणाचीं न्यायालयें आलीं, व त्यांबरोबर सनद घेतलेला वकील आला. दरबारचा प्रतिनिधि रयतेचा प्रतिनिधि झाला, हा बदल लहान नव्हे. ज्याला बोलतां येत नाहीं, ज्याला भीति वाटते, ज्याला दप्तरची भाषा कळत नाहीं, त्याच्या वतीनें उभें राहून, त्याच्याच नांवानें, पण शिकलेल्या बुद्धीनें बोलावयाचें, हा त्या धंद्याचा गाभा. वकीलपत्र म्हणजे एका माणसानें आपली वाचा दुसऱ्याला सोंपविल्याचा कागद.

परंतु ज्याच्यापाशीं पैसा त्याच्यासाठींच ही वाचा अधिक मोकळी झाली, हें लवकरच दिसून आलें. कुणब्याला कोर्ट दूर होतें आणि समन्स वाचतां येत नव्हतें. सावकाराचा हुकूमनामा एकतर्फी होई. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला तेव्हां शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या दप्तरावर होता. खतें व रोखे बाहेर ओढून जाळण्यांत आले. कार्ल्याच्या भिक्षूंना लेख हा आधार वाटला. सुप्याच्या कुणब्यांना लेख हाच वैरी वाटला. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांना लागू झाला, आणि मावळही त्यांत आलें. रोख्यावर आंकडा कांहींही असो, न्यायाधीशानें व्यवहाराचा उगमापासून तपास करावा असें त्यानें ठरविलें. आणि शंभर रुपयांच्या आंतील दाव्यांत वकिलांना उभें राहण्यास सामान्यतः बंदी केली. वकिलाच्या धंद्याला यापेक्षां कडू प्रशस्तिपत्र कोणीं दिलें नसेल. आमचें मत विचाराल तर औषध अर्धेंच बरोबर होतें. एका पक्षाचा वकील काढून टाकल्यानें दुसऱ्या पक्षाला वाचा फुटत नाहीं.

वाचेवरून आठवलें. ह्याच पुण्यांत डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं १८९२ मध्यें ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातीं पडावयास १९२२ साल उजाडलें, आणि स्त्रियांना वकिलीची बंदी असूं नये असा कायदा हिंदुस्थानांत १९२३ मध्यें झाला. मधल्या काळांत पडद्यांतील जहागीरदारणींच्या इस्टेटींची कागदपत्रें तपासून त्या सल्ला देत होत्या. ज्ञान होतें, सनद नव्हती. मुलीनें हें मुकाट्यानें ऐकून घेतलें व आपल्या वहींत सालें टिपलीं.

आतां लोणावळ्याकडे वळूं. येथील तलावांच्या कांठीं सहलीला जाणारांपैकीं फार थोड्यांना ठाऊक असतें कीं, वळवण, लोणावळें व शिरवतें येथील जलाशय मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठीं टाटांच्या कंपनीनें बांधले. १९११ मध्यें कोनशिला बसली आणि १९१५ मध्यें खोपोलीहून वीज वाहूं लागली. पाठोपाठ आंध्रा नदीवर ठोकरवाडीचें धरण झालें. मग कंपनीची दृष्टि दक्षिणेकडील पुढच्या खोऱ्यावर, मुळा व निळा यांच्या संगमावर, म्हणजे मुळशीवर गेली. तेंही मावळच, आंबेमोहोर तांदळाचें खोरें. पन्नासांहून अधिक गांवांना आणि सुमारें अकरा हजार माणसांना त्या धरणाची झळ लागणार होती. शेतांत चाचणीचे चर खणले जाऊं लागले तेव्हां लोक जागे झाले. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबलें. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. पुढें काम पुन्हां सुरू झालें, सत्याग्रह पुन्हां झाला, तुरुंग भरले. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांचीं नांवें त्या लढ्याशीं कायमचीं जोडलेलीं आहेत.

त्या लढ्याचें शौर्य पुष्कळांनीं वर्णिलें आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यानें त्याच्या पाठीमागचा कायदा वाचावा, म्हणजे लोक धरणावर जाऊन कां बसले हें अधिक नीट कळेल. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणें सरकार प्रथम जाहिरनामा काढी. मग त्याच्या माणसांना जमिनींत शिरून मोजणी करण्याचा व खणून पाहण्याचा अधिकार येई. नंतर, ही जमीन सार्वजनिक कामासाठीं हवी आहे असें सरकार जाहीर करी, आणि असें जाहीर केलें हाच तें काम सार्वजनिक असल्याचा निर्णायक पुरावा मानावा, असें कलम होतें. संपादन एखाद्या कंपनीसाठीं असेल तर तें काम लोकांना उपयोगी पडण्याचा संभव आहे एवढें सरकारला पटलें म्हणजे पुरे. मग कलेक्टर नोटीस देई, किंमत ठरवी. ती मान्य नसेल तर जिल्हा न्यायालयांत जातां येई, पण कशासाठीं? क्षेत्र किती, किंमत किती, पैसे कोणाला व कोणत्या प्रमाणांत, एवढ्यासाठींच.

म्हणजे मुळशीच्या शेतकऱ्यानें पुण्यांतला उत्तमांतला उत्तम वकील दिला असता तरी त्या वकिलाला न्यायालयांत 'किती' एवढेंच बोलतां आलें असतें. 'कां' हा शब्द उच्चारावयास कायद्यानें जागाच ठेवली नव्हती. जमीन घेऊंच नये, हें म्हणणें ऐकून घेण्याची तरतूद त्या कायद्यांत घातली गेली ती १९२३ च्या दुरुस्तीनें. तोंवर मुळशीचा निकाल लागून चुकला होता. आणि त्या तरतुदीनेंही हरकत ऐकून निर्णय करावयाचा तो सरकारनेंच.

सर्वांत विलक्षण कलम चोविसावें. मोबदला ठरवितांना न्यायालयानें कोणत्या गोष्टी जमेस धरूं नयेत याची तेथें यादी आहे, आणि त्या यादींत जमीन देण्याविषयींची मालकाची नाखुषी ही स्पष्ट शब्दांनीं घातलेली आहे. त्याच्या आधींच्या कलमांत मात्र बाजारभावावर शेंकडा १५ अधिक द्यावे, कारण संपादन सक्तीचें आहे, असें म्हटलें आहे. आम्हीं हीं दोन कलमें मुलीला एकापाठोपाठ एक वाचावयास दिलीं. एकांत नाखुषीची किंमत शून्य. दुसऱ्यांत सक्तीची किंमत शेंकडा पंधरा. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. म्हणाली, 'म्हणजे त्यांना ठाऊक होतं.' होय, कायदा लिहिणारांना सक्ति ठाऊक होती. तिचा दर त्यांनीं ठरवून टाकला होता.

ह्या 'किती'नें लढ्याचेही दोन तुकडे केले. खोऱ्यांतील बरीच जमीन पुण्यांतील सावकारांच्या नांवें गेलेली होती. ज्याचें नांव दप्तरांत, त्याला मोबदला. आणि जो पैशाकडे पाहत होता त्याला बरा भाव मिळाल्यावर भांडण्याचें कारण उरलें नाहीं. कुळाला तिसऱ्या पिढीची खाचरें गमवावयाचीं होतीं. त्याच्या नुकसानीला कायद्यांत धड नांवही नव्हतें. आमच्याच वर्गाचे लोक त्या वेळीं कोणत्या बाजूला होते, हें ह्या मासिकाच्या वाचकांपासून लपविण्याचें आम्हांला कारण दिसत नाहीं. देशासाठीं वीज हवी होती हेंही खरें, आणि मुंबईच्या गिरण्या धुरानें काळवंडल्या होत्या हेंही खरें. परंतु तो युक्तिवाद मावळ्यासमोर मांडून त्याचें उत्तर ऐकून घेण्याची जागा कोणतेंही न्यायालय नव्हतें. १९२४ मध्यें बापटांनीं शस्त्र घेऊन धरणाची गाडी अडविली व सात वर्षांची शिक्षा पत्करली. सशस्त्र मार्ग आम्हांला संमत नाहीं. पण ज्या खोऱ्याला बोलण्याचे सारे कायदेशीर रस्ते मोबदल्याच्या दारापर्यंतच नेऊन सोडीत होते, त्या खोऱ्याच्या संतापाचा तो भाग होता, हें विसरून त्याची मीमांसा करतां येत नाहीं. १९२७ मध्यें भिऱ्याची वीज सुरू झाली.

तो १८९४ चा कायदा पुष्कळ दुरुस्त्यांसह पुरीं ११९ वर्षें चालला. सक्तीचा दर १९८४ मध्यें शेंकडा ३० झाला. २०१३ मध्यें नवा कायदा होऊन १ जानेवारी २०१४ पासून अमलांत आला. त्यानें तो दर शेंकडा १०० केला, कुळें व मजूर यांचें पुनर्वसन मान्य केलें, आणि खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमति लागेल असें म्हटलें. मुळशीनंतर नव्वद-ब्याण्णव वर्षांनीं नाखुषीला कायद्यांत वजन आलें. महाराष्ट्रासह कांहीं राज्यांनीं पुढें दुरुस्त्या करून कांहीं प्रकल्पांना ह्या अटींतून सूट दिली, तेव्हां प्रश्न मिटला असें समजण्याचें कारण नाहीं. ९ ऑगस्ट २०११ रोजीं पवनेच्या पाण्याच्या बंद नळाविरुद्ध द्रुतगति मार्गावर बऊर येथें जमलेल्या मावळच्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन तीन माणसें मेलीं, ती गोष्ट कांहीं शतकांपूर्वींची नव्हे.

धंद्याविषयीं व्यावहारिक माहिती तिच्या वडिलांना हवी होती, ती थोडक्यांत दिली. बारावीनंतर पांच वर्षें किंवा पदवीनंतर तीन वर्षें अभ्यास. मग राज्याच्या बार कौन्सिलांत नोंदणी आणि अखिल भारतीय परीक्षा. बॅरिस्टर, वकील, प्लीडर असे जुने भेद १९६१ च्या कायद्यानें गेले. आतां सारे ॲडव्होकेट. न्यायाधीशाच्या खालच्या पायरीवर बसण्यासाठीं तीन वर्षें वकिली केलेली असावी, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२५ मध्यें पुन्हां ठरविलें आहे. फौजदारी कायद्याचीं नांवें व कलमें १ जुलै २०२४ पासून बदललीं, म्हणून थोरल्या चुलतभावाचीं पुस्तकें उपयोगी पडतील या आशेवर राहूं नये. पहिलीं चार-सहा वर्षें प्राप्ति बेताची असते, हेंही आम्हीं सांगितलें. आई किंचित् खिन्न झाली.

परततांना आम्ही वडगांवच्या न्यायालयांत गेलों होतों. तारखांचा दिवस होता. ओसरीवर बांधाचे, वाटपाचे, वहिवाटीचे दावे घेऊन आलेलीं माणसें बसलीं होतीं. कोणाच्या हातांत सातबाराचे उतारे, कोणाच्या पिशवींत फेरफाराची नक्कल. द्रुतगति मार्ग झाल्यापासून ह्या तालुक्यांत जमिनीचे भाव चढले आणि त्याबरोबर भाऊबंदकीचे दावेही. एका खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. प्लॅस्टिकच्या पिशवींतून घड्या पडलेला एक कागद काढून तिनें जाणाऱ्या काळ्या कोटापुढें धरला. वकीलीण तरुण होती, हातांत तीन फायली होत्या, पुकारा होण्याची घाई दिसत होती.

'बाई, मला जमीन द्यायचीच नाय,' म्हातारी म्हणाली. 'तसं लिहिता येतं का?'

ती वकीलीण थांबली. फायली कट्ट्यावर ठेवून म्हातारीशेजारीं बसली, आणि कागदाची घडी उलगडीत म्हणाली, 'थांबा आजी, आधी नोटीस कशाची आहे ते बघू.'

आमच्या बरोबरची मुलगी त्या दोघींच्या मागें जाऊन उभी राहिली आणि वाचूं लागली.